दाराबाहेर टाकलेलें कोणाचें?

घर झाडून केर दाराबाहेर टाकला म्हणजे घर स्वच्छ झालें, असें आपण सर्वच मानतों. घर स्वच्छ झालें हें खरें. परंतु केर कोठें गेला, हें आपण क्वचितच विचारतों. प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पोटांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. जी वस्तु माझी होती ती मीं टाकली. आतां ती कोणाची? ती हातांतून सुटतांच तिच्याविषयींचें माझें कर्तव्य संपलें, कीं तें कर्तव्य तिच्यामागून कांहीं अंतर चालत जातें? या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठीं उदाहरणें आपल्याच नांदेड व लातूर जिल्ह्यांतलीं घ्यावयाचीं आहेत.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं हा प्रश्न इतका अवघड नव्हता. चुलीच्या राखेनें भांडीं घासलीं जात. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली जाई. फाटके कपडे देऊन बोहारणीकडून भांडें घेतां येई. फुटक्या तांब्या-पितळेची मोड देऊन नवा हंडा आणतां येई. मडकें फुटलें तर त्याची खापरी मातींत मिळून जाई. मग जें उरे तें उकिरड्यावर पडे, आणि पावसाळ्याच्या तोंडीं बैलगाड्या भरून शेतांत जाई. बारा वर्षांनीं उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपली म्हण आहे. परंतु कुणब्याच्या उकिरड्याचे पांग तर दर वर्षीं फिटत. कारण मातीला ओळखूं येणार नाहीं असें त्यांत कांहींच नसे. त्या काळीं टाकणें म्हणजे परत करणें होतें.

आज त्याच उकिरड्यावर दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, सुपारी-तंबाखूच्या पुड्या, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटें, मुलांचे डायपर आणि संपलेले सेल दिसतात. हें खत शेतांत नेलें तर नांगरामागें पिशव्या वर येतात. न नेलें तर वाऱ्यानें ओढ्यांत जातात, आणि ओढा त्यांना मांजरेस किंवा गोदावरीस पोंचवितो. खरकट्याच्या वासानें गाय पिशवीसकट सारें गिळते. तें प्लास्टिक तिच्या पोटांत पचत नाहीं व बाहेरही पडत नाहीं, त्याचा गोळा होतो. एका पिढीच्या आंत टाकण्याचा अर्थ बदलला, पण टाकणाऱ्याची संवय मात्र जुनीच राहिली. अडचणीचें मूळ येथें आहे.

तथापि जुन्या काळाची स्तुति करतांना त्या काळाचें एक पाप विसरूं नये. गांवाची घाण उचलणें, मेलेलीं जनावरें ओढून नेणें, हीं कामें कोणीं करावयाचीं तें जन्मावरून ठरलेलें असे. हीं अक्षरें वाचणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांच्या खांद्यावर तें ओझें होतें, व त्याच ओझ्यामुळें त्यांना पाणवठ्यापासून आणि देवडीपासून दूर ठेवीत. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. हातानें मैला साफ करावयास लावणें २०१३ च्या कायद्यानें सर्व देशांत गुन्हा ठरलें. कायदे झाले हें उत्तम झालें. परंतु ज्यांच्या घराण्यानें दुसऱ्यांची घाण वाहण्याचें दुःख जाणलें आहे, त्यांनीं तर हा प्रश्न सर्वांच्या आधीं विचारला पाहिजे: आज माझी घाण कोण वाहतो? त्याच्या हातांत मी काय ठेवतों?

'दूर' हा शब्द येथें आपल्याला फसवितो. घंटागाडी दारावरून गेली म्हणजे कचरा दूर गेला, असें आपण म्हणतों. पण लातूरकरांचें 'दूर' म्हणजे वरवंटी, आणि नांदेडकरांचें 'दूर' म्हणजे तुप्पा. या दोन गांवांच्या शिवारांत त्या त्या शहराचे कचरा डेपो आहेत. २०११ च्या जनगणनेंत लातूर शहराची वस्ती सुमारें तीन लाख ऐंशी हजार व नांदेडची सुमारें साडेपांच लाख होती. इतक्या घरांचा केर जेथें एकत्र होतो तेथें ओला व सुका मिसळून ढीग झाला कीं, वारा न लागतां तो कुजतो, त्यांतून पेट घेणारा वायु निघतो, आणि पावसाचें पाणी त्यांतून झिरपून काळें होऊन खालीं उतरतें. जवळच्या शेतकऱ्याच्या विहिरीला आपलें 'दूर' ठाऊक नसतें. तिच्या दृष्टीनें तें जवळच असतें.

लातूरच्या लोकांना अंतराचा धडा एकदां फार कठोर रीतीनें मिळालेला आहे. मांजरा धरण कोरडें पडलें तेव्हां एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटर आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन पोंचली. त्या दिवसांत घागरीच्या तळाचें पाणीही कोणी ओतून देत नसे. जें दुरून आणावें लागतें त्याची किंमत मनुष्याला समजते. जें दूर न्यावें लागतें त्याची किंमत मात्र समजत नाहीं, कारण ती दुसरा कोणी भरतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. टाकलेली वस्तु कोणाची, याचीं तीन उत्तरें लोक देतात. तिन्ही उत्तरांत कांहीं सत्य आहे, पण एकही पुरें नाहीं.

पहिलें उत्तर असें कीं, आम्ही घरपट्टी भरतों, म्हणून बाहेर ठेवलेला कचरा महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा झाला. पैसे दिल्यानें सेवा घेण्याचा हक्क मिळतो यांत संशय नाहीं. परंतु हमालाला पैसे देऊन ओझें देण्याचा हक्क मिळाला, तरी गाठोड्यांत विंचू बांधून देण्याचा हक्क मिळत नाहीं. दाढीचें पातें, फुटकी काच किंवा इंजेक्शनची सुई खरकट्याच्या पिशवींत उघडी टाकणारा मनुष्य नेमकें हेंच करतो. त्या पिशवींत हात घालणारा मनुष्य कोण आहे हें त्याला माहीत नसतें. पण हात घालावा लागणार हें माहीत असतें.

दुसरें उत्तर असें कीं, टाकलेली वस्तु कोणाचीच नसते. येथें एक सूक्ष्म चूक आहे. वस्तूवरचा हक्क सोडतां येतो. वस्तूचा परिणाम सोडतां येत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत असा एक निर्णय आहे कीं, कोणीं खड्डा खणून तो न झांकतां ठेवला आणि शेजाऱ्याचा बैल त्यांत पडून मेला, तर खड्डेवाल्यानें भरपाई करावी. मीं त्या खड्ड्यावरचा हक्क सोडला होता, असें म्हणून त्याला सुटतां येत नाहीं. ओढ्यांत सोडलेली पिशवी हा असाच उघडा खड्डा होय. भेद इतकाच कीं, येथें बैल खड्ड्यांत पडत नाहीं, खड्डाच बैलाच्या पोटांत जाऊन पडतो.

तिसरें उत्तर सर्वांत गोड आहे. लोक म्हणतात, कचरा वेचणाऱ्यांचें पोट आमच्या कचऱ्यावर चालतें, म्हणून तो त्यांचा. आम्ही एक प्रकारें दानच करतों. हें उत्तर तपासण्यास आपल्या शेतांतील एक जुनी रीति उपयोगीं पडेल. ज्वारीची कापणी झाल्यावर खालीं राहिलेलीं कणसें गरिबांनीं वेचावीं, याला आपण सरवा वेचणें म्हणतों. रूथ नांवाची परदेशी विधवा बवाजाच्या शेतांत हेंच करीत होती, व तिच्यासाठीं मुद्दाम कांहीं कणसें मागें ठेवण्यांत आलीं. सरवा ठेवणें हा खरोखर धर्म आहे. पण सरवा ठेवणारा शेतकरी कणसें शेणांत बुडवून ठेवीत नाहीं, व त्यांत कांटे खोंचीत नाहीं. आपण वर्तमानपत्रें खरकट्यांत भिजवून, बाटल्या डायपरांत गुंडाळून बाहेर ठेवतों, आणि त्याला दान म्हणतों. असा सरवा कोणी ठेवला असता, तर त्या शेतकऱ्यास गांवानें काय म्हटलें असतें?

या तीन उत्तरांतील सत्य एकत्र केलें म्हणजे असा निर्णय निघतो: टाकलेली वस्तु ज्याच्या हातून निघाली त्याचीच राहते, जोंपर्यंत दुसऱ्या कोणीं ती काय आहे हें जाणून स्वीकारली नाहीं. देणें हें घेणाऱ्याच्या माहितीवांचून पुरें होत नाहीं. म्हणून कचरा वेगळा करणें हा केवळ स्वच्छतेचा नियम नव्हे. आपण दुसऱ्याच्या हातांत काय देत आहों, याविषयीं खरें बोलणें म्हणजे कचरा वेगळा करणें.

परंतु खरें बोलावयाचें तर आधीं खरें काय तें माहीत पाहिजे. कोणती वस्तु पुन्हां कामास येते व कोणती येत नाहीं, हें कारणांसह समजून घेऊं.

ओला कचरा, म्हणजे भाजीचे देंठ, सालें, शिळें अन्न, चहाचा चोथा, हा आपल्या शहरांच्या कचऱ्यांत सुमारें निम्मा असतो. तो खत होतो. त्यास गाडीचीही गरज नाहीं. परसांत हातभर खोल खड्डा करून त्यावर माती व वाळलेला पाला पसरीत गेलें, आणि ओलावा राखला, तर कांहीं महिन्यांत काळें भुसभुशीत खत तयार होतें.

कागद पुन्हां कागद होतो, कारण तो पाण्यांत भिजवून त्याचा लगदा करतां येतो. वह्या, वर्तमानपत्रें, पुठ्ठ्याचीं खोकीं हीं कोरडीं व स्वच्छ असलीं पाहिजेत. भज्यांच्या तेलानें माखलेला कागद लगद्यांत बिघाड करतो, कारण तेल पाण्यांत मिळत नाहीं. कागदाचे तंतु दर खेपेस आंखूड होत जातात, म्हणून कागदाचा हा पुनर्जन्म कांहीं वेळांच होतो. काचेच्या बाटल्या व बरण्या मात्र कितीही वेळां वितळवितां येतात. लोखंड, तांबें, पितळ व ॲल्युमिनियम यांचेंही तसेंच. खनिजापासून नवें ॲल्युमिनियम काढण्यास जी शक्ति लागते, तिच्या विसाव्या हिश्श्यांत जुनें वितळून नवें होतें. भंगारवाला ॲल्युमिनियमला चांगला भाव देतो तो उगीच नव्हे.

प्लास्टिकचे प्रकार अनेक आहेत. वस्तूच्या बुडाशीं त्रिकोणांत एक आंकडा असतो, तो वाचावयास शिकावें. पाण्याच्या बाटलीवर १, तेलाच्या जाड डब्यावर बहुधा २, दुधाच्या पिशवीच्या जातीवर ४, बादल्या व डबे यांवर पुष्कळदां ५ असतो. या चार जातींना सामान्यतः गिऱ्हाईक मिळतें. ठिबकच्या जुन्या नळ्याही भंगारांत विकल्या जातात. दुधाची पिशवी कापतांना कोपऱ्याचा तुकडा निराळा तोडूं नये. कोपरा लोंबता ठेवावा, पिशवी धुऊन वाळवावी. पिशवी वेचली जाते, पण नखाएवढा तुकडा कोणासही वेचतां येत नाहीं व तो मातींतच राहतो.

आतां जें परत कामास येत नाहीं तें पाहूं. वेफर, बिस्किट व शाम्पू यांच्या चकचकीत पुड्या दिसतात प्लास्टिकच्या, पण त्यांत प्लास्टिक व धातु यांचे अनेक पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सुटे करणें परवडत नाहीं. म्हणून अशा पुड्या फार तर सिमेंटच्या भट्टींत जळण म्हणून जातात. चहाच्या कागदी पेल्यास आंतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो. तो रद्दींत चालत नाहीं. थर्माकोल बहुतेक हवाच असल्यामुळें त्याचें ओझें होत नाहीं, आणि जें तराजूवर भरत नाहीं तें भंगारवाला घेत नाहीं. आरसा, खिडकीची काच व चिनी मातीच्या कपबशा बाटलीच्या काचेबरोबर वितळत नाहींत. त्या मिसळल्या तर बाटल्यांचाही घाण नासतो. त्या फुटल्या तर जाड कागदांत गुंडाळून वेगळ्या द्याव्या.

कांहीं वस्तु निरुपयोगी आहेत इतकेंच नव्हे, तर घातक आहेत. ट्यूबलाईटमध्यें पारा असतो. ती फोडूं नये. संपलेले सेल, मुदत गेलेलीं औषधें, रंगाचे डबे, सुया, कीटकनाशकांचे डबे हीं निराळीं ठेवावीं. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेतांना जुनी दुकानदारास परत द्यावी. ती घरीं फोडून शिसें काढणें म्हणजे आपल्याच मुलांच्या रक्तांत शिसें घालणें होय. मोबाईल, चार्जर व अशी यंत्रें परत गोळा करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे. डायपर व स्त्रियांचे पॅड यांचें कांहींच होत नाहीं. तीं कागदांत बांधून, खूण करून द्यावीं. पुण्यांत कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ सालीं स्थापन झाली, व २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करूं लागली. त्यांनीं लोकांना अशा पुडक्यावर तांबडा ठिपका काढावयास सांगितलें, म्हणजे तें न उघडतांच ओळखावें. एक ठिपका काढण्यास किती श्रम पडतात? परंतु त्या ठिपक्यानें एका बाईची लाज व तिचा हात, दोन्ही राखले जातात. संघटनेचें नांवही पाहण्यासारखें आहे: कागद, काच, पत्रा. कशाची किंमत येते, त्याची यादीच त्या नांवांत आहे.

२०१६ च्या सरकारी नियमांनीं घरांतच कचऱ्याचे तीन भाग करावयास सांगितलें होतें. जानेवारी २०२६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या व १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या नियमांनीं चार भाग केले: ओला, सुका, डायपर-पॅड यांसारखा, आणि वर सांगितलेला जपून हाताळावयाचा. म्हणजे जें विवेकाचें काम आहे तेंच आतां कायद्याचेंही झालें आहे.

येथें एका सूक्ष्म दोषाकडे वाचकांचें लक्ष वेधलें पाहिजे, कारण तो चांगल्या माणसांतच आढळतो. कित्येक लोक पुनर्वापराच्या आवडीनें प्रत्येक गोष्ट सुक्या टोपलींत टाकतात: चकचकीत पुडी, कागदी पेला, माखलेला डबा, तुटकी चप्पल. त्यांची आशा अशी कीं, याचें कोणी कांहीं तरी करील. ही आशा दिसावयास चांगली, पण तिच्यांत सत्य नाहीं. आपण त्या वस्तूविषयीं निर्णय घेण्याचे श्रम टाळले, व ते दुसऱ्यावर ढकलले; शिवाय मनाचें समाधान मात्र पदरांत पाडून घेतलें. ज्याला सुक्या कचऱ्यांतून बाटल्या निवडावयाच्या आहेत, त्याला त्या आशेचा सारा ढीग उपसावा लागतो. एका खरकट्या डब्यानें गोणीभर कागद नासतो. म्हणून 'हें परत कामास येत नाहीं' असें मान्य करून ती वस्तु योग्य जागीं ठेवणें, हें खोट्या आशेपेक्षां अधिक प्रामाणिक आहे. त्या मान्य करण्यांत दुसराही लाभ आहे. पुढच्या खेपेस ती वस्तु विकत घेतांना हात थोडा थांबतो.

आतां कांहीं आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणेल, आम्ही घरीं वेगळें करतों, पण गाडींत सारें एकत्र होतें. मग आमचे श्रम व्यर्थ नव्हत काय? कोठें कोठें असें घडतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु याचीं दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, पुष्कळशा गोष्टी गाडीवर अवलंबूनच नाहींत. ओला कचरा परसांतल्या खड्ड्यांत व कागद, काच, पत्रा महिन्यांतून एकदां भंगारवाल्याकडे गेला, तर गाडीसाठीं फारच थोडें उरतें, आणि मिसळण्यासारखें तर त्याहून थोडें. दुसरें असें कीं, घरांत वेगळें केलेलेंच गाडीवाल्यास मिसळतांना लाज वाटूं शकते. मिसळलेलेंच दिलें तर लाज कशाची वाटणार? लातुरांत जनाधार सेवाभावी संस्थेनें कचरा वेचणाऱ्या लोकांना हाताशीं धरून महानगरपालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम केलें. असें काम घरांच्या साहाय्यावांचून चालूंच शकत नाहीं. साखळीची पहिली कडी उंबऱ्याच्या आंतच असते.

दुसरा म्हणेल, पुड्या करणारे कारखानदार श्रीमंत आहेत. गरिबाच्या पांच रुपयांच्या पुडीला कां दोष देतां? हा आक्षेप न्यायाचा आहे. ज्यानें न कुजणारी पुडी बनविली त्याचा वांटा मोठा आहे, व प्लास्टिकविषयींचे नियम उत्पादकांवर जबाबदारी घालतात तें योग्यच आहे. ती मागणी आपण सभेंत व ग्रामसभेंत अवश्य करावी. परंतु मोठ्याचा दोष मोठा आहे म्हणून लहानाचें कर्तव्य नाहींसें होत नाहीं. पाटलानें बांध कोरला म्हणून मीं शेजाऱ्याचा बांध कोरावा, असें कोणी म्हणत नाहीं.

तिसरा म्हणेल, हें सारें शहरांतलें झालें; आमच्या गांवीं गाडीच येत नाहीं, मग जाळून टाकलें तर काय वाईट? याचें उत्तर नीट ऐकावें. प्लास्टिक जाळल्यानें नाहींसें होत नाहीं. तें धूर होऊन श्वासांत येतें. तारांची व नळ्यांची एक जात जाळली असतां तर अत्यंत विषारी द्रव्यें निघतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१६ मध्यें उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या प्रसंगीं पांच हजार रुपये दंड ठरविला. दंडाची भीति बाजूस ठेविली, तरी शेकोटीभोवतीं बसणारीं मुलें आपलींच असतात.

मग गांवांत काय करावें? स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० सालीं मंजूर झाला, व त्यांत गांवच्या कचऱ्याची व्यवस्था आणि तालुक्यागणिक प्लास्टिक हाताळण्याचें केंद्र यांची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीनें याविषयीं काय केलें, हें ग्रामसभेंत विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तोंवर मंडळीनें स्वतः कांहीं गोष्टी कराव्या. प्रत्येक घरीं एक गोणी टांगावी. तींत स्वच्छ कोरडें प्लास्टिक, कागद व पत्रा जमवावा. दोन-तीन घरांच्या गोण्या भरल्या कीं बाजाराच्या दिवशीं एकानें तालुक्याला न्याव्या. एकट्या घराचें प्लास्टिक कोणी विचारीत नाहीं. दहा घरांचें एकत्र झालें म्हणजे तराजू निघतो. नाताळच्या व लग्नाच्या जेवणावळींत थर्माकोलच्या ताटल्या आणूं नयेत. महाराष्ट्रांत २०१८ च्या प्लास्टिकबंदीनें त्यांस मनाई केलेलीच आहे. पळसाच्या पत्रावळी आपल्या शिवारांतल्या आहेत, आणि जेवण झाल्यावर त्या खड्ड्यांत जाऊन माती होतात.

कीटकनाशकाच्या डब्यांविषयीं विशेष सावध असावें. कापूस, सोयाबीन व तूर यांवर फवारणी झाल्यावर रिकामा डबा देखणा दिसतो, व त्यांत तेल, मीठ किंवा पाणी ठेवण्याचा मोह होतो. कितीही धुतला तरी त्याच्या अंगांत विष राहतें. असा डबा स्वयंपाकघरांत आणूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये, व भंगारांत गुपचूप घालूं नये. तो फोडून निकामी करावा, आणि घर, विहीर व ओढा यांपासून दूर ठेवावा. जो भंगारवाला तो डबा अजाणतां विकत घेईल, त्याच्याकडून तो धुऊन दुसऱ्याच गरिबाच्या घरीं जाईल. त्या घरच्या आजाराचा हिशेब मग कोणाच्या नांवावर मांडावा?

शेवटीं एक मर्यादा सांगितली पाहिजे. वेगळें करणें म्हणजे पापक्षालन नव्हे. प्लास्टिक फिरून फिरून हलकें होत जातें. बाटलीची पुन्हां बाटली होईलच असें नाहीं, पुष्कळदां तिचा धागा होतो व पुढें तोही टाकला जातो. म्हणून 'टोपलींत टाकलें, आतां वाटेल तितकें घ्यावें' असें म्हणणारा मनुष्य नुसतें झांकण घालून मडकें स्वच्छ मानतो. घेण्याच्या वेळींच पाहणें हें पहिलें. जपून वापरणें व दुरुस्त करणें हें दुसरें. परत देणें हें तिसरें. आणि टाकणें हें अगदीं शेवटलें. आपल्या आज्या वाकळ शिवीत तेव्हां त्यांनीं हा क्रम पुस्तकांत वाचलेला नव्हता. त्यांच्या घरांत वस्तु थोड्या होत्या, म्हणून प्रत्येक वस्तूला मान होता.

टाकलेलें कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर मग असें: तें आपलेंच असतें, जोंवर आपण तें नीट हातीं सोंपविलें नाहीं. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलें कीं तेथें एक मनुष्य उभा आहे. त्याचें नांव आपल्याला माहीत नसेल, पण त्याला बोटें आहेत, फुप्फुसें आहेत, घरीं मुलें आहेत. वरवंटीला आणि तुप्प्याला त्याच्यासारखींच माणसें राहतात. सकाळीं घंटा वाजली म्हणजे त्याच्या हातांत जें ठेवतों, त्यावरून शेजाऱ्याविषयीं आपण खरोखर काय मानतों तें कळतें. या आठवड्यांत प्रत्येक घरानें दोन टोपल्या व एक कागदी पुडकें, इतकें तरी वेगळें ठेवून पाहावें. श्रम थोडे आहेत; पण त्यांतून ज्याच्या हाताची चिरफाड वांचेल, त्याच्या दृष्टीनें ते थोडे नाहींत.